पंधरा घोडे आणि दोन दोऱ्या

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमची काळजी वाटेल. मोटरबोट भरधाव निघालेली, धक्का चार हातांवर आलेला, आणि त्या क्षणी ती अशी थांबली की धक्क्याच्या कडेला शिपायानं ठेवलेल्या कपातला चहा हिंदकळलासुद्धा नाही. शिपायानं तो नंतर फुंकर मारून प्यायला. हे घडलं ते याच तळ्यावर, याच धक्क्याला, तुम्ही बसलात त्या पायरीसमोर. आणि बोट कुणाची, तर आपली. ती निळी. खोटं वाटत असेल तर ही इथंच बसलीय स्वेटर विणत. विचारा हिला.

‘हूं’ म्हणाली, ऐकलंत ना? आमच्या घरात तिच्या ‘हूं’ला सरकारी शिक्क्याची किंमत आहे.

तुम्ही दोघं कॉलनीत नवीन, म्हणून पहिल्यापासून सांगतो. पेट्रोल आणायला माणूस गेलाय, तो येईपर्यंत तुम्हाला तरी दुसरं काय काम आहे?

पलीकडच्या काठावर ते लाल कौलांचं घर दिसतंय? तिथं हिची धाकटी बहीण राहते. गुडघ्यांमुळे तिला घराबाहेर पडता येत नाही. आपण जायचं म्हटलं तर तळ्याला वळसा, दोन बस, आणि दुसऱ्या बसचा भरवसा नाही. साडूंकडे गाडी आहे. ते ती पाठवतात, नाही असं नाही, पण एकदा पाठवली की पुढं वर्षभर ती गाडी आपल्या अंगावरून जात असते. साडू हे नातंच तसं आहे. भावाशी भांडता येतं, मेव्हण्याची थट्टा करता येते, साडूशी फक्त तुलना होते. आणि ती दुसऱ्या कुणाला करावी लागत नाही, साडू स्वतःच करतात.

तर सकाळी हवा स्वच्छ असली की धाकटी तिच्या गॅलरीत एक पिवळी चादर वाळत घालायची. ओली असो नसो. आणि ही गच्चीवर जाऊन ती बघत उभी राहायची. मग खाली यायची आणि जेवणापर्यंत बोलायची नाही. हिच्या बोलण्याला मी घाबरत नाही, सवय आहे. पण ते न बोलणं मला फार लागायचं. समोर पाणी, पाण्यापलीकडे बहीण, आणि नवरा असा की त्याला पोहतासुद्धा येत नाही.

एवढ्यात आमच्या ऑफिसातले कॅशियर मुलाकडे कायमचे राहायला निघाले. त्यांच्याकडे ही बोट होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, विकायची नाही, चांगल्या हातात द्यायचीय. महिनाअखेरपर्यंत चालवायचा परवाना काढा, बोट तुमची. नाही जमलं तर तुमच्या साडूंनीही विचारलंय. आता कॅशियर माणूस, त्याला काय माहीत की त्यानं मला बोट दिली नव्हती, युद्ध दिलं होतं. साडूंनी फोनवर हसून सांगितलं, काळजी करू नका, बोट माझ्याकडे आली तर मी तुम्हा दोघांना कधीतरी बोलावत जाईन. ‘कधीतरी’. ही तेव्हा शेजारीच उभी होती. ती सरळ गच्चीवर गेली.

त्याच संध्याकाळी मी कॉलनीत जाहीर केलं की आपण पंधरा घोड्यांची मोटरबोट घेतली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, बांधणार कुठं. मी म्हटलं, बोट धक्क्यावर. ते म्हणाले, बोटीचं नाही विचारत, घोडे. आवारात जनावरं ठेवायला मनाई आहे. त्यांना अश्वशक्ती समजावता समजावता अंधार पडला, आणि शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, पण लीद दिसली तर दंड.

मग सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक पाण्याच्या घनतेवर बोलले. बस चालवून निवृत्त झालेले एक मामा आहेत, ते म्हणाले, स्टिअरिंग ते स्टिअरिंग, त्यात काय, फक्त ब्रेक लवकर दाबायचा. बोटीला ब्रेक नसतो असं कळल्यावर म्हणाले, मी तुमच्या जागी असतो तर नसतो.

खरं शिकवलं ते धक्क्यावरच्या मिस्त्रीनं. इंजिन म्हणजे बोटीच्या मागं टांगलेलं, त्याला एक दांडा, तेच हँडल. मिस्त्री म्हणाला, पहिल्यांदा मागं वाकून बघायचं, पंख्याजवळ कुणाचा हातपाय नाही ना. मग न्यूट्रल. न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सुरूच करायचं नाही. हे मला एकदम पटलं. आमच्या ऑफिसात दोन युनियन होत्या आणि मी सगळी नोकरी न्यूट्रलमध्ये काढली. फरक एवढाच की तिथं न्यूट्रलमध्ये बढती मिळते, इथं बोट जागची हलत नाही.

पुढं म्हणाला, हँडलची मूठ पिळली की वेग वाढतो, सोडली की कमी होतो. गिअर टाकताना मूठ सैल हवी, पण हात खंबीर. कट्ट असा आवाज आला पाहिजे. लाजत लाजत टाकलात तर गिअर दात खातो. आणि वळताना हँडल उलटं. बोट उजवीकडे न्यायची तर हँडल डावीकडे ढकलायचं. प्राध्यापकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, म्हणजे रिव्हर्समध्ये उलट्याचं उलटं होत असणार, आणि एक कागद घेऊन बाण काढत बसले. त्या बाणांनी पुढं माझा घात केला, पण ते येईलच.

आणि शेवटी दोरी. इथं नीट ऐका. आपल्या भाषेत सगळ्या दोऱ्यांना दोरीच म्हणतात. कपडे वाळत घालायची ती दोरी, विहिरीची ती दोरी, आयुष्याची तीही दोरीच. मिस्त्रीही आपल्याच भाषेतला. तो म्हणाला, दोरी ओढली की इंजिन सुरू, आणि दोरी ओढली की इंजिन बंद. मी म्हटलं, एकच दोरी? म्हणाला, छे, दोन. एक इंजिनाच्या डोक्यावरची, काळी मूठ असलेली, ती जोरात ओढायची, इंजिन पेटतं. दुसरी ही लाल, गुंडाळ्या गुंडाळ्यांची, तिचं एक टोक लाल बटणाखालच्या चिमट्याला आणि दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला, घसरला, घाबरला, मनगट मागं गेलं, चिमटा निघाला, इंजिन बंद. ही मनगटाला नसेल तर मूठसुद्धा धरायची नाही. माणूस पाण्यात आणि बोट आपली आपली गोल फिरत त्याच्याच अंगावर, असं झालेलं आहे. हे सांगताना तो हसत नव्हता.

आता सराव कुठं करायचा? परवाना नसताना तळ्यात उतरायचं नाही. म्हणून इंजिन घरी आणलं. सोसायटीच्या आवारात मोठं निळं पिंप आहे, ते काठोकाठ भरलं, त्यावर फळी टाकून इंजिन टांगलं. इंजिनाचा पाय पाण्यात असल्याशिवाय ते सुरू केलं तर तापून बसतं, हे मला माहीत होतं. बघा, इतक्या बारकाईनं मी काम करतो. न्यूट्रल बघितलं, काळी दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. अर्धी कॉलनी जमली, प्रत्येकानं एकेकदा ओढली, आणि मग मामांनी विचारलं, पेट्रोलचा कॉक कुठं असतो? तो बंद होता. उघडल्यावर मी अशी काही ओढली की इंजिन पेटलं आणि माझ्या उजव्या मनगटातून कट्ट असा आवाज आला. गिअरमध्ये यायला हवा होता तो.

एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण गर्दीपुढं न्यूट्रल राहणं बरं दिसेना. मी गिअर पुढं टाकला. पिंपातलं पाणी उठलं, भिंतीसारखं उभं राहिलं, आणि सेक्रेटरींच्या खिडकीतून आत गेलं. खिडकीत सेक्रेटरी होते. ते भिजत असतानाही त्यांचा चेहरा एखाद्या ठरावासारखा होता. पाणी संपल्यावर इंजिन ओरडायला लागलं आणि ते बंद कसं करायचं हे त्या क्षणी मला आठवेना. हिनं येऊन लाल बटण दाबलं आणि पदराला हात पुसून वर गेली. तिचं कुतूहल म्हणून ती सगळं शिकून घ्यायची. मी शिकताना ती मिस्त्रीकडे बघत असे, मी प्राध्यापकांच्या बाणांकडे.

मनगटाला डॉक्टरांनी जाड पट्टी बांधली. डाव्या मनगटावर वडिलांचं घड्याळ, रुंद पट्ट्याचं, ते मी अंघोळीलाही काढत नाही. हे लक्षात ठेवा. नाही, नको, विसरा, तेवढं महत्त्वाचं नाही.

मग परवान्याचं कार्यालय. खिडकीतल्या बाबूंनी सांगितलं, इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष बघावा लागतो, दुसऱ्या मजल्यावर आणा. मी आणि मामांनी इंजिन चादरीत घातलं, दोन्ही टोकं धरली आणि जिना चढायला लागलो. लोक बाजूला होऊन उभे राहिले. एकानं तर हलक्या आवाजात विचारलं, कधी झालं? वर पोचल्यावर बाबूंनी चादर बाजूला करून बघितलं आणि म्हणाले, असं सुटं चालत नाही, बोटीला लावलेलं असताना बघायचं. माझा मान कुठं दुखावतो ते मला कळतं, आणि तो तिथं दुखावला. मी विचारलं, मग बोट वर आणू? बाबूंनी मान वळवून जिन्याकडे बघितलं, मनात मोजमाप केलं आणि अगदी मनापासून म्हणाले, वळणावर अडकेल हो. परीक्षेच्या दिवशी साहेब धक्क्यावरच बघतील. चादर घेऊन खाली उतरताना मघाचाच माणूस पुन्हा बाजूला झाला. परत घेऊन जाताना बघून त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

परीक्षा महिन्याच्या शेवटच्या दिवशी मिळाली. नियम असा की चालवणाऱ्याबरोबर एक प्रवासी हवा, कारण परवाना माणसं नेण्याचा. एवढी कॉलनी सल्ल्याला हजर, पण बोटीत बसायचं म्हटल्यावर प्राध्यापकांना सर्दी झाली, मामांचा पाय मुरगळला, आणि सेक्रेटरी म्हणाले की त्यांच्या वाट्याचं पाणी त्यांना मिळालेलं आहे. शेवटी ही म्हणाली, मी बसते. आणि विणकामाची पिशवी घेऊन बसलीसुद्धा.

धक्क्यावर साडू आले होते. पांढरी शुभ्र विजार, पांढरे बूट, काळा चष्मा. बोट घेऊनच परत जायचं म्हणून गाडी ड्रायव्हरबरोबर परत पाठवली होती. हिला म्हणाले, “ताई, उतरताना हात देईन हो मी.” हिनं सुया काढल्या. मी मात्र मनात म्हटलं, आज या माणसाला मी बसनं परत पाठवणार.

साहेब चांगले भरदार होते. त्यांच्या नारिंगी जाकिटाची बक्कलं एकमेकांना भेटायला तयार नव्हती, आणि ते सगळा वेळ त्यातच गुंतलेले. मान वर न करता विचारलं, लाल दोरी मनगटाला आहे ना? मी खणखणीत आवाजात म्हटलं, आहे. आणि दोरी मनगटाला होती. इकडे पट्टी, तिकडे घड्याळ, तरीही दोरी मनगटाला होती, कारण नियम म्हणजे नियम. आम्ही तिघांनीही जाकिटं घातलेली. मी मागं वाकून पंखा बघितला, न्यूट्रल बघितलं, कॉक बघितला, डाव्या हातानं काळी दोरी ओढली, आणि पहिल्या ओढीला इंजिन सुरू. मूठ सैल, गिअर कट्ट. साहेब म्हणाले, छान. साडूंनी चष्मा काढला.

मधोमध गेल्यावर साहेब म्हणाले, उजवीकडे घ्या. आता मला माहीत होतं की हँडल डावीकडे. पण त्याच क्षणी प्राध्यापकांचा कागद डोळ्यांपुढं आला, बाण, बाणावर बाण, आणि मला वाटलं की उलट्याचं उलट. मी उजवीकडे ढकललं. बोट डावीकडे फिरली, आणि फिरतच राहिली, आणि फिरून तिनं तोंड केलं ते थेट धक्क्याकडे, धक्क्यावरच्या पांढऱ्या विजारीकडे.

आपल्याकडे घाबरलेला माणूस काय करतो? जीव मुठीत धरतो. मी म्हणत नाही की मी घाबरलो, मी आपली रीत सांगतोय. आता मोटरबोटीत मुठीत काय असतं? वेग. जितका जीव मुठीत धरावा तितकी मूठ पिळली जाते, आणि जितकी पिळावी तितका जीव मुठीत घ्यायची पाळी येते. पंधराचे पंधरा घोडे उधळले. धक्का मोठा व्हायला लागला. शिपाई दिसला, शिपायाचा कप दिसला, कपाचा कान दिसला.

साहेब ओरडले, “दोरी ओढा.”

मी ओढली. आता तुम्ही विचाराल कुठली. काळी. हो, काळी, आणि मुद्दाम. कुठल्याही गोष्टीची दुसरी बाजू तपासल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, ही माझी नोकरीतली शिस्त. इंजिनानं एक किंकाळी फोडली, दोरीची मूठ माझ्या हातात राहिली आणि मी बोटीच्या तळाशी बसलो, दुसऱ्या हातात हँडलची मूठ तशीच पिळलेली. तिथूनच परिस्थितीचा आढावा घेत होतो. साहेबांनी डोळे मिटले होते. म्हणजे प्रत्यक्षदर्शी असे आम्ही दोघंच उरलो.

आणि मग ते झालं. मनगटाला झटका बसला. एकच, मागं, खांद्यापासून, जसा नळ तुंबल्यावर देतात तसा. लाल चिमटा टप्पकन निघाला आणि तळ्यावर एवढी शांतता पसरली की पलीकडच्या काठावर कुणीतरी खुर्ची सरकवलेली ऐकू आली. बोट पुढं आली, वेग उतरत गेला, नाक जरासं वळलं, आणि ती धक्क्याला अशी टेकली जशी मांजर दुधाच्या भांड्याला टेकते. कप जागच्या जागी. आमची लाट मात्र मागून आली. तिनं कप चुकवला आणि साडू घेतले. पार कमरेपर्यंत.

साहेबांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. लाल दोरीच्या टोकाला असलेल्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, “इतकी वर्षं परीक्षा घेतोय, असा हात बघितला नाही. सगळं येत असतं लोकांना, ऐन वेळेला ही एक गोष्ट सुचत नाही. पास.”

पास. मी तळाशी बसूनच नमस्कार केला. परवाना आमच्या घरात आला, बोट आमच्या धक्क्याला राहिली. साडू ओल्या विजारीत बसनं गेले, दोन बस, आणि दुसरी वेळेवर आली नाही असं नंतर कळलं. आता पलीकडे पिवळी चादर लागली की ती वाट बघण्याची नसते, बोलावण्याची असते. ती बघा, लागलीय. परवा धाकटीनं मला विचारलं, भावजी, इतकं धाडस आलं कुठून? मी म्हटलं, आयुष्याची दोरी बळकट असून भागत नाही, ती ओढायला मनगट लागतं.

मनगट म्हणजे काय ते आजकालच्या लोकांना सांगून पटत नाही, म्हणून सांगतो. त्या क्षणी विचार करायला वेळ नव्हता, आणि तरीही झटका असा दिला की ना कमी ना जास्त. आहे हिंमत कुणाची नाही म्हणायची? ही समोर बसलीय. विचारा हिला.

काय गं, सुया का थांबल्या तुझ्या? सांग की यांना. मनगटाला झटका दिला की नाही?

“दिला ना,” ही म्हणाली. स्वेटर पिशवीत घातला, पिशवीतून लाल दोरी काढली आणि सवयीनं मनगटात सरकवली. “उठा, पेट्रोल आलं. तुम्ही पुढं जाऊन बसा, नेहमीच्या जागेवर.” मग नव्या शेजाऱ्यांना हात देत, अगदी सहज, निसटलेला टाका उचलावा तसं ती म्हणाली, “बाकी सगळं खरंय यांचं. फक्त मनगट माझं होतं. आणि परवान्यावरचं नावही.”